दुसरा पेला

वाइनमधून काढून फळीवर मांडलेले ते रवे वांग्यासारखे दिसत होते. वर काळसर जांभळी साल. प्रसेनजीतनं एक मधोमध कापला, तर आत शेळीच्या दुधाचा पांढरा रंग तसाच्या तसा. तो त्याला चीज म्हणायचा. पारूबाईला मात्र त्याचा आकार गुळाच्या लहान रव्यासारखा दिसला, म्हणून ती पहिल्या दिवसापासून रवाच म्हणत आली होती आणि आता घरात सगळेच रवा म्हणत होते.

तिनं वास घेतला. शेळीचा वास तिच्या ओळखीचा, जन्म त्यातच गेलेला. त्याच्याखाली आणखी एक वास होता. तोही ओळखीचाच होता, फक्त आठ वर्षं या घरात आला नव्हता.

"कसं वाटतंय, आज्जी?" प्रसेनजीतनं विचारलं.

"काय वाटायचं? दूध नासवलं, दगडाखाली दाबलं, मिठात मुरवलं, दारूत बुडवलं. येवढं हाल माझ्या सासूनं बी माझं केलं न्हाईत."

तो हसला. हसला की त्याच्या गालाला एक खळी पडायची आणि त्या खळीत पारूबाईला पिराजी दिसायचा. पिराजी म्हणजे तिचा एकुलता मुलगा, प्रसेनजीतचा बाप. म्हणून नातवाला हसवायची तिला हौस होती आणि तो हसला की भीती वाटायची.

प्रसेनजीत तीन वर्षं पर्यटकांच्या जहाजावर स्वयंपाकघरात होता. हे चीज तो तिथंच शिकला. उन्हाळ्यात गावी, गडमुडशिंगीला आला तो पुन्हा जायचं नाही असं ठरवून. परसातल्या शेळ्या त्यानं नव्या डोळ्यांनी बघितल्या. बाजारात शेळीच्या दुधाला कुणी विचारत नव्हतं, ते दूध आजारी पोराला नाहीतर चहाला. त्यानं जुना फ्रीज आणला, वीज गेली की त्यावर ओलं बारदान टाकायचं ठरवलं, आणि मोठ्या भावाच्या बायकोला, निशाला, हाताशी धरलं. दोन खेपा फुकट गेल्या. तिसरी जमली. गोव्याच्या एका हॉटेलचा माणूस दिवाळीआधी येऊन बघणार होता. त्याला पसंत पडलं तर महिन्याच्या महिन्याला माल घेणार होता. न पडलं तर मुंबईच्या एजंटाचा फोन येऊन गेलाच होता, जहाज डिसेंबरात सुटणार होतं.

म्हणजे पारूबाईच्या लेखी गोष्ट सरळ होती. रवा चांगला झाला तर नातू घरात राहणार, नाहीतर पाण्यावर जाणार. एक पोरगा दारूत बुडाला. दुसरा समुद्रावर पाठवायची तिच्या अंगात ताकद नव्हती.

पण दुसऱ्या बाजूला आबा होते.

आबा, तिचा नवरा, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला माणूस. गल्लीतल्या आकाराम या दोस्ताबरोबर भाकरी बांधून नागपूरला गेले, परत आले ते पांढरे कपडे घालूनच, आणि घरातला हातभट्टीचा मडका त्यांनी बापाच्या देखत अंगणात फोडला. तेव्हापासून विहारात दर रविवारी गल्लीला पंचशील तेच द्यायचे. ते म्हणायचे, लोक मागून म्हणायचे. आणि त्यांचा स्वतःचा पिराजी विहाराच्या मागच्या भिंतीला टेकून पडलेला असायचा. आत बाप सांगतोय की मद्यापासून दूर राहीन, आणि भिंतीपलीकडे पोरगा ओकतोय. पारूबाईनं असे किती रविवार काढले ते तिचं तिला माहीत. अठ्ठ्याण्णव साली पिराजी गेला. पोरांची आई त्याच्या आधीच गेली होती. स्मशानातून परत आल्यावर आबा उंबऱ्यात उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत बोलले, "आजपास्नं ह्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब आला, तर मी उंबऱ्याच्या भायेर."

ते कमी बोलायचे, पण बोललेलं मोडत नसत.

तेव्हा पारूबाईनं तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती. ज्याला जे ऐकून बरं वाटेल ते त्याला सांगितलं. सासूला सांगायची की नवरा तुमचीच बाजू घेतो, नवऱ्याला सांगायची की सासूबाई तुम्हाला नावाजत होत्या. पिराजी पिऊन पडलेला असला की म्हणायची, पोरगं कामावर गेलंय. तिच्या मते घर भिंतींवर उभं राहत नाही, ते असल्या बोलण्यावर उभं राहतं.

आबा एकदा मागच्या खोलीत आले आणि त्यांनी पातेल्यातलं तांबडं बघून विचारलं की हे काय. प्रसेनजीतचा चेहरा उतरला. तो तोंड उघडायच्या आत पारूबाई म्हणाली, "कोकमाचं आगळ. चिमणीनं धाडलंय. त्यानं साल टिकती म्हनं." चिमणाबाई तिची धाकटी बहीण, शाहूवाडीकडे घाटाच्या तोंडावर दिलेली. दरवर्षी ती कोकमाचं खारट आगळ प्लास्टिकच्या कॅनमधून पाठवायची, हे आबांना ठाऊक होतं. जन्मभर तपकीर ओढून त्यांचं नाक बधिर झालेलं. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. खोटं इतकं सहज गेलं की पारूबाईलाच नवल वाटलं.

निशाचं वेगळं होतं. तिला वाइन माहीत होती, पण तिचा जीव टांगणीला. ती म्हणायची, आज्जी, रवं काढल्यावर ते उरलेलं घरात नको, ओतून टाका, ह्यांना कळलं तर मला माहेरी धाडतील. हे म्हणजे संघर्ष, तिचा नवरा, थोरला नातू, विहार कमिटीचा सचिव. पारूबाई तिला म्हणाली, "ओतलं की उकिरड्यावर. कवाच ओतलं." आणि प्रसेनजीत म्हणाला होता की ती वाइन पुढच्या खेपेला चालते, टाकायची नाही. त्याला ती म्हणाली, "ठेवलीया रं बाबा." ती ठेवलीही होती. जात्यामागे, चिमणाबाईच्या रिकाम्या कॅनमध्ये, भरलेल्या कॅनच्या शेजारी. मिठातले रवे त्यात राहून वाइनही खारट झाली होती. रंगाला दोन्ही कॅन सारखेच.

ऑक्टोबरात दीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण झाली. कमिटीनं ठरवलं की गावातून नागपूरला गेलेले दोघेच आता हयात आहेत, आबा आणि आकाराम, त्यांचा सत्कार करायचा. संघर्ष महिनाभर त्याच धावपळीत होता. मांडव, माईक, शाली. प्रत्येक घरानं काहीतरी आणायचं ठरलं. सचिवाच्या घरानं कोकमाचं सरबत, कारण ऊन तापत होतं आणि चिमणाबाईचं आगळ गल्लीत नावाजलेलं होतं.

सरबत दरवेळी पारूबाईच करायची. त्या दिवशीही पदर खोचून ती जात्याकडे निघाली होती. तेवढ्यात आबा नवा सदरा घालून पुढच्या खोलीत आले आणि म्हणाले, "ते निशा करंल. तू चल माझ्यासंगं. आज पुढं बसायचं हाय तुला."

पन्नास वर्षांत ते तिला असं काही म्हणाले नव्हते. रस्त्यानं जाताना ते पुढं आणि ती मागं, हीच त्यांची चाल. त्या दिवशी ते तिच्यासाठी थांबले. संघर्षनं आणलेली पांढरी साडी ती नेसली, निशानं निऱ्या नीट केल्या, आणि दोघं शेजारी शेजारी चालत विहाराकडे गेली. दारातल्या बायका बघत होत्या. एक म्हणाली, "पारूमावशी, लगीन परत लावलं काय आबांनी?" पारूबाई लाजली. त्या लाजेत जातं, जात्यामागचे कॅन, सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं.

मांडव भरला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या गेल्या. आबा उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि पंचशील दिलं. म्हातारा आवाज, पण एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मुसावादा वेरमणी, ते म्हणाले, आणि सगळ्या मांडवाबरोबर पारूबाईनंही म्हटलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. नेहमीच म्हणायची. शब्द जिभेवर गुळगुळीत झाले होते. मग आबांनी पाचवं म्हटलं, मद्याचं. ते म्हणताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा खाली यायचा, आणि तो पिराजीसाठी येतो हे मांडवात फक्त तिला माहीत होतं.

मग आकाराम बोलला. आकाराम म्हणजे बोलका माणूस, पडलेल्या दातांतून शिट्टी वाजवत बोलायचा. त्यानं नागपूरची गोष्ट सांगितली. म्हणाला, आमच्याकडं तिकीट न्हवतं, टीशी आला तर आबा म्हनला, सायेब, आमी मानूस व्हायला चाललोय, येताना तिकीट काडतो. सगळे हसले. मग तो गंभीर झाला. म्हणाला की आमच्या बापजाद्यांना गावची मेलेली ढोरं ओढण्याच्या बदल्यात दारू मिळायची, त्या दारूतच आमची अक्कल बुडालेली. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी थेंब घेतला नाही. माझं काय सांगण्यासारखं दुसरं नाही आयुष्यात, एवढं एकच आहे.

शाली झाल्या. संघर्षनं इशारा केला, निशा तांब्याची घागर घेऊन आली आणि मागून प्रसेनजीत पेले घेऊन आला. पहिले दोन पेले व्यासपीठावरच्या दोघा म्हाताऱ्यांना दिले गेले.

पारूबाई पहिल्या रांगेत होती. आबांनी पेला तोंडाला लावला, एक मोठा घोट घेतला, आणि थांबले.

त्यांचं नाक मेलेलं होतं, जीभ नव्हे. बावीस वर्षांचे होईपर्यंत त्या जिभेनं बापाच्या मडक्यातलं चाखलं होतं. त्यांनी पेल्यात बघितलं. मग मान वर केली. प्रसेनजीतकडे बघितलं नाही, निशाकडे नाही. थेट पारूबाईकडे बघितलं. आणि त्या नजरेसरशी तिला जातं दिसलं, जात्यामागचे दोन कॅन दिसले, आणि निशा आगळ पुरत नाही म्हणून दुसऱ्या कॅनचं झाकण काढते आहे तेही दिसलं.

आकारामनं पेला उचलला होता. शाल सावरत, कुणाशी तरी बोलत तो पेला ओठांपाशी नेत होता.

पारूबाईला उठायचं होतं. काय म्हणायचं ते सुचलं नाही. जन्मभर प्रत्येक वेळी काहीतरी सुचत आलेलं, आणि त्या एका वेळी सुचलं नाही.

आबांनी हात लांबवला आणि आकारामच्या ओठांपासून पेला काढून घेतला. मग तो सगळ्या मांडवासमोर, शांतपणे, शेवटपर्यंत पिऊन टाकला. मग आपलाही उरलेला.

क्षणभर कुणाला कळेना. मग आकाराम माईकमधूनच म्हणाला, "आरं, पन्नास वर्सं तहानलेलाच ऱ्हायलास की काय रं?" आणि मांडव हसला. पोरं हसली, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. निशाही हसली.

आबांनी तोंड पुसलं. म्हणाले, "सरबत आंबलंय. कुनाला दिऊ नका. पोरास्नी पानी द्या."

"आंबलंय तर दोन पेलं कसं रिचवलंस?"

"म्हातारपनी चव उशिरा कळती, आकाराम."

पुन्हा हसू. संघर्षचा चेहरा तेवढा पडला, सचिवाच्या घरचं सरबत आंबलेलं निघालं म्हणून. पारूबाई उठली. घागर तिनं निशाच्या हातून घेतली आणि विहाराच्या मागं नेऊन ओतली. तांबडं पाणी भिंतीच्या कडेनं मातीत मुरत गेलं. तीच भिंत होती. पिराजी जिथं टेकून पडायचा तिथंच माती काळी झाली आणि तिला वाटलं, प्यायला अजून तो इथंच बसलाय.

घरी येताना आबा पुढं चालले. ती मागं.

सगळे घरात शिरले. आबा शिरले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर दगडी कट्टा होता, त्याच्यावर ते बसले, शाल अंगावर तशीच. निशानं आतून हाक मारली, आबा, जेवायला चला. ते उठले नाहीत. संघर्ष बाहेर गेला आणि त्यानं विचारलं की काय झालं, बरं वाटत नाही का. तेव्हा आबा म्हणाले, "तुझ्या आज्जीला इचार, कोकम कुठलं हुतं."

संघर्षला कळायला वेळ लागला नाही. तो बाहेर लोकांत जपून बोलायचा, घरात नाही. आधी तो निशावर धावला. तिनं घागर भरली, तिनं चव घेतली नाही का. निशा रडत म्हणाली की घेतली होती, तुरट लागलं म्हणून साखर वाढवली, दोन महिने हातांना तोच वास येतोय, नाकाला काय कळणार. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आन मला काय म्हाईत त्यात काय हाय ते? आज्जीनी सांगितलंतं, ओतलं म्हनून."

"ओतलं?" प्रसेनजीत म्हणाला. "मला तर ठेवलंय म्हनली."

"आन आबास्नी?" संघर्षनं विचारलं. "आबास्नी काय सांगितलंवतं?"

तिघंही पारूबाईकडे बघत होती. पाच मिनिटांपूर्वी जे एकमेकांवर तुटून पडले होते ते तिघं एका बाजूला झाले होते, आणि ती चुलीपाशी एकटी उभी होती. जन्मभर तिनं घरात अशी बाजू पडू दिली नव्हती. आज पडली ती तिच्याच विरुद्ध.

ती म्हणाली, "मी काय माझ्यासाठी केलो?"

"मग कुनासाठी?" संघर्ष म्हणाला. "बाबांच्या वक्ताला बी असंच. पोरगं कामावर गेलंय. आमाला कळत न्हवतं व्हय, आज्जी? आमी ल्हान हुतो, पर बाबा कुठं पडल्यात ते आमालाच उचलायला जावं लागायचं. तू झाकत ऱ्हायलीस, म्हनून ते पीत ऱ्हायले."

हे त्यानं आठ वर्षं मनात ठेवलं होतं. बोलल्यावर तोच घाबरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. निशानं पारूबाईला बसायला पाट सरकवला. पारूबाई बसली नाही.

प्रसेनजीत बाहेर गेला. आबांच्या पायाशी बसला आणि म्हणाला की चूक माझी, घरात आणायलाच नको होतं, सगळं आत्ता फेकून देतो.

"फेकू नगंस," आबा म्हणाले. "आन हिकडं. ज्याच्यापायी पन्नास वर्सं गेली, ते काय हाय ते बघू तरी दे."

त्यानं एक रवा कापून ताटलीत आणला. आबांनी जांभळ्या सालीचा तुकडा तोंडात घातला. त्यांना फार दात नव्हते, ते बराच वेळ घोळवत राहिले. पारूबाई दाराआड उभी राहून बघत होती. तिला वाटलं, थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "दुधाची चव ऱ्हायलीया. तुझ्या बापाला असलं कायतरी करायला जमलं असतं, तर तो मेला नसता."

प्रसेनजीत रडायला लागला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांची नजर समोर रस्त्यावर होती.

मग पारूबाई उंबऱ्यात आली. म्हणाली, "आत चला. पहिला घोट तर न कळता गेला. त्याचं काय पाप न्हाय."

"पहिल्याचं न्हाय," आबा म्हणाले. "दुसरा पेला कळून पिलो. तो आकारामचा हुता."

"मग कशाला पिलासा? वतून टाकायचा."

"कसा वतू? भर मांडवात त्येच्या हातातनं घिऊन वतला, तर त्येनं वास घेतला असता. का म्हनून इचारलं असतं. मग तुझं नाव आलं असतं, ह्या पोराचं आलं असतं." ते थांबले. "त्याच्याकडं येवढी एकच गोष्ट हाय, पारू. ऐकलीस न्हवं? ती कशी मोडू देऊ?"

"मग तुमची?"

आबांनी खांदे उडवले. तिनं त्यांना असं करताना कधी बघितलं नव्हतं. म्हातारा एकदम बारीक दिसला, शाल कुणा दुसऱ्याची पांघरल्यासारखा.

"आत चला," ती पुन्हा म्हणाली.

"बोललोय मी. उंबऱ्याच्या भायेर."

"ते रागात बोलला हुतासा."

"रागात न्हाय. पोराची राख सावडून आल्यावर बोललोतो."

संघर्षनं समजावलं, निशानं पाय धरले. दुसऱ्या दिवशी आकारामही आला, काय झालंय त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारा सत्कारानं फुगलाय. म्हणाला, "शाल मिळाली म्हनून रस्त्यावर बसून दावायलाय व्हय लोकास्नी?" आबा त्याच्याबरोबर हसले. तो गेल्यावर त्यांनी आपलं अंथरूण उचललं आणि शेळ्यांच्या गोठ्यात नेलं. जेवणाचं ताट निशा तिथं नेऊन द्यायची. रविवारी विहारात ते गेले नाहीत. गुडघा दुखतोय असं संघर्षनं लोकांना सांगितलं. सांगताना त्यानं पारूबाईकडे बघितलं नाही.

प्रसेनजीत त्याच आठवड्यात मुंबईला गेला. एजंटाला त्यानं आपण होऊन फोन केला. पारूबाईनं अडवलं नाही, अडवायला तोंड नव्हतं. जाताना तो गोठ्यात जाऊन आबांच्या पाया पडला, मग तिच्या पडला. ती म्हणाली, पोचलास की फोन कर. तो म्हणाला, करीन. एवढंच. हसला असता तर खळी दिसली असती.

दिवाळीच्या तोंडावर एक पांढरी गाडी दारात उभी राहिली. गोव्याच्या हॉटेलचा माणूस. निशानं फ्रीजमधले रवे काढून दाखवले, कारण त्याला वचन दिलेलं होतं. त्यानं एक कापला, साल बोटानं चोळून बघितली, आणि डोळे मिटून खाल्ला. मग म्हणाला की असं चीज मी या बाजूला कुठं बघितलं नाही, आहे तेवढं सगळं घेतो, आणि दर महिन्याला लागेल. बनवणारे कुठं आहेत?

निशानं पारूबाईकडे बघितलं. पारूबाईच्या जिभेवर नेहमीप्रमाणे काहीतरी आलं होतं. बाजारात गेलाय. येईल इतक्यात. तिनं ते गिळलं.

"करनारा गेला, पावणं," ती म्हणाली. "आता हितं कोन करत न्हाय."

माणूस पत्ता देऊन गेला. गाडीचा धुरळा बसेपर्यंत पारूबाई दारातच उभी होती. पलीकडे गोठ्याच्या तोंडाशी आबा एका शेळीच्या अंगावरची गोचिडं काढत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वर बघितलं नाही.

सकाळची वंदना मात्र सुटली नाही. लग्न झाल्यापासून दोघं रोज उठल्यावर तसबिरीपुढं बसून पंचशील म्हणायची, आबा सांगायचे आणि ती मागून म्हणायची. आता ती आत मेणबत्ती लावून दाराच्या तोंडाशी बसते, ते बाहेर कट्ट्यावर येऊन बसतात, उंबरा मध्ये. गाडी येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळीही बसली. थंडी पडायला लागली होती, आबांनी तीच शाल पांघरली होती. त्यांनी पहिलं म्हटलं, तिनं म्हटलं. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. त्यांचा आवाज तसाच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

मग त्यांनी चौथं म्हटलं. मुसावादा वेरमणी. आणि थांबले, तिच्यासाठी.

पारूबाईनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, पन्नास वर्षं गुळगुळीत झालेले. ते बाहेर आले नाहीत. गोठ्यात शेळी ओरडली. मेणबत्तीचं मेण वाटीत साचत राहिलं. तिनं मान खाली घातली. आबांनी बराच वेळ वाट बघितली, आणि मग त्यांना कळलं की ती म्हणणार नाही.

आता पाचवं, मद्याचं, राहिलं होतं. ते त्यांनी म्हणायचं होतं.

तिनं मान वर करून बघितलं, तर त्यांचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, आणि ओठ हलत नव्हते. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूला दोघं तशीच बसून राहिली, आणि मेणबत्ती संपली तेव्हा दोघांपैकी कुणीही उठलं नाही.